तोंडातून काढलेल्या तुकड्याचं पुढं काय होतं?

(प्रभागसंघाच्या आरोग्य मेळाव्यात, तोंडाच्या आजारांचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरताईंनी केलेलं हे भाषण. सोयाबीनच्या काढणीमुळं ज्या मैत्रिणींना मेळाव्याला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथं छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



मी दात काढणारी किंवा चांदी भरणारी डॉक्टर नाही. तोंडातून काढलेला तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि त्यात कॅन्सर आहे का नाही ते सांगायचं, हे माझं काम. त्यामुळं पेशंट मला फारसे भेटत नाहीत, पण त्यांचे तुकडे रोज भेटतात. आज तुम्हाला त्या तुकड्याचीच गोष्ट सांगते. कारण आपल्याकडं तंबाखूला बाई जेवढी भीत नाही, तेवढी तुकडा द्यायला भिते.

आधी एक सरळ प्रश्न विचारते. हात वर करायची गरज नाही, मनातच उत्तर द्या. इथं बसलेल्यांपैकी किती जणी सकाळी चहाच्या आधी मिश्री लावतात? किती जणींच्या पिशवीत आत्ता तंबाखू-चुन्याची डबी आहे? किती जणी निंदायला, कापूस वेचायला गेल्यावर भूक मरावी म्हणून दाढेत चिमूट धरतात? मी कुणाला रागवायला आले नाही. मिश्री माझ्या आजीनं लावली, मावश्यांनी लावली. दात दुखला तर मिश्री, पोट साफ होईना तर मिश्री, असंच आपण ऐकत आलो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण मिश्री आपल्याच चुलीवर, आपल्याच तव्यावर भाजली जाते, तिच्यावर बंदी कोण घालणार? ती आपली आपल्यालाच घालावी लागेल.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात एका वर्षात सुमारे १ लाख ४३ हजार लोकांना तोंडाचा कॅन्सर झाला. पोटातला आजार दिसत नाही, म्हणून तो उशिरा कळतो हे समजू शकतं. तोंड तर आपण रोज आरशात बघतो. तरीही बहुतेक पेशंट दवाखान्यात येतात ते आजार वाढल्यावरच.

गाठीलाही पाणी लागतं

पाथरी, मानवत, परभणीकडच्या बायांना कालवा काय असतो ते सांगायला नको. पैठणच्या धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. मोठ्या कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेतचारी आणि शेवटी आपल्या वावरातला पाट. शरीराचंही तसंच आहे. हृदयातून मोठी धमनी निघते, तिला फाटे फुटत जातात, आणि शेवटी केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्या होतात. इतक्या बारीक की रक्तातल्या पेशींना त्यातून एकामागे एक, रांगेनं जावं लागतं. प्रत्येक पेशीला अन्न आणि प्राणवायू या बारीक वाहिनीतून मिळतो.

आता गालाच्या आतल्या बाजूला, जिथं रोज तंबाखू धरला जातो, तिथल्या पेशी बिघडल्या आणि वाढायला लागल्या असं समजा. त्यांचा छोटासा गोळा झाला. गोळा मोहरीच्या दाण्याएवढा, म्हणजे एक-दोन मिलिमीटरचा असेपर्यंत आजूबाजूच्या ओलीवर त्याचं भागतं. त्यापेक्षा मोठं व्हायचं तर स्वतःचं पाणी लागतं. १९७१ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या जुडा फोकमन या सर्जननं हे मांडलं, की गाठ नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्याशिवाय ती मोठी होऊ शकत नाही. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नाही. पुढं अनेक वर्षांच्या कामातून ते खरं ठरलं.

गाठ हे करते कसं? आतल्या पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या एक रसायन सोडतात. त्याला व्हीईजीएफ म्हणतात. हे रसायन शेजारच्या चांगल्या रक्तवाहिनीपर्यंत पोचतं आणि तिला निरोप देतं, ‘इकडं फाटा फोड.’ वाहिनीला कोंब फुटतो, तो गाठीकडं वाढतो, त्यातून रक्त वाहायला लागतं. मागणी अर्ज नाही, पाणीपट्टी नाही, रातोरात कालवा फोडून चारी काढली असा हा प्रकार.

एक गोष्ट इथं नीट समजून घ्या. नव्या रक्तवाहिन्या फुटणं हे दरवेळी वाईट नसतं. विळा लागून बोट कापलं तर जखम भरायला नव्या वाहिन्या लागतात. पाळीनंतर दर महिन्याला गर्भपिशवीचं अस्तर नव्यानं तयार होतं, तिथंही त्या फुटतात. पोटात बाळ असताना वारेत फुटतात. म्हणजे चारी काढायची ही विद्या शरीराला मुळात येतेच. फरक एवढाच, की जखम भरली की शरीर ते काम थांबवतं. गाठ ते थांबवू देत नाही.

तुकड्याचा प्रवास

डॉक्टर तुकडा काढतात तेव्हा आधी सुई देऊन तेवढी जागा बधिर करतात. तुकडा काही मिलिमीटरचाच असतो. गरज पडली तर एखाद-दुसरा टाका घालतात. घरी जाऊन बाई मऊ भात, पेज खाऊ शकते.

तुकडा लगेच फॉर्मालिन नावाच्या पाण्यात टाकतात, म्हणजे तो सडत नाही. आपण कैरी मुरवून टिकवतो तसंच समजा. मग त्यातलं पाणी काढून त्यात मेण भरतात. मेणाची छोटी वडी तयार होते. त्या वडीचे यंत्रावर पातळ काप घेतात. किती पातळ? एक मिलिमीटरचे अडीचशे भाग केले तर त्यातला एक भाग. आपल्या डोक्यातल्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप बसतील. तो काप काचेवर घेऊन रंगवतात, तेव्हा पेशींचे मध्य निळे-जांभळे आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. कॅन्सर आहे का नाही, हे या साध्या रंगावरच बहुतेक वेळा कळतं.

मेणाची वडी वर्षानुवर्षं टिकते. मुंबईला किंवा संभाजीनगरला उपचाराला जायचं ठरलं तर हीच वडी आणि काच तिथले डॉक्टर मागतात. म्हणून रिपोर्टच्या कागदासोबत काच-वडीही मिळेल का, असं जरूर विचारायचं. रेशनकार्डासारखं ते जपून ठेवायचं.

वाहिन्या मोजायच्या कशा?

साध्या रंगात बारीक रक्तवाहिन्या नीट ओळखू येत नाहीत. म्हणून संशोधन करणारे वेगळा रंग वापरतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवर काही खुणा असतात. त्या खुणांना नंबर दिलेले आहेत, सीडी३१, सीडी३४, सीडी१०५ असे. त्या खुणेलाच जाऊन चिकटणारं औषध काचेवर टाकलं की तेवढाच भाग तपकिरी होतो. सीडी३१ आणि सीडी३४ नं जुन्या-नव्या सगळ्या वाहिन्या दिसतात. सीडी१०५ नं मुख्यतः नव्यानं फुटणाऱ्या दिसतात. जुनी चारी कोणती आणि काल रात्री खणलेली कोणती, हे ओळखण्यासारखं आहे.

मग सूक्ष्मदर्शकावर बसवलेल्या कॅमेऱ्यानं फोटो काढतात. फोटो म्हणजे काय, तर बारीक ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा किती, याचा आकडा कॉम्प्युटरकडं असतो. त्यामुळं त्याला सांगता येतं, ‘तपकिरी ठिपके वेगळे काढ, निळे सोडून दे.’ यासाठी इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर जगभर वापरतात. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत ते तयार झालं आणि ते फुकट मिळतं. त्यामुळं लहान कॉलेजमधल्या मुलीही हे काम करू शकतात.

पण त्याच्या आधी माप ठरवावं लागतं. काट्यावर कापूस घालायच्या आधी काटा बरोबर आहे का ते आपण बघतो ना? तसं इथं एक काचेची पट्टी असते, तिच्यावर एका मिलिमीटरचे शंभर भाग आखलेले असतात. तिचा फोटो काढून कॉम्प्युटरला सांगायचं की एवढं अंतर म्हणजे एवढे ठिपके. हे केलं नाही तर पुढचे सगळे आकडे फुकट.

मग कुठं मोजायचं? काप लहान असला तरी सगळीकडं वाहिन्या सारख्या नसतात. तुमच्यापैकी ज्या कापूस करतात त्यांना बोंडअळीची मोजणी माहीत आहे. शेतात फिरून वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडून बघायची, दोनमध्ये अळी निघाली तर फवारणीचा विचार करायचा. कामगंध सापळ्यात रोज किती पतंग पडले ते मोजायचं. नजरेनं ‘लई अळी झाली’ असं म्हणण्यापेक्षा आकडा बरा, हे आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं आपल्याला शिकवलं आहे. इथंही तसंच. आधी कमी भिंगातून सगळा काप फिरून बघायचा. जिथं तपकिरी ठिपके सगळ्यात दाट आहेत अशा तीन ते पाच जागा निवडायच्या. मग भिंग वाढवून तिथं मोजायचं.

समजावण्यासाठी एक हिशेब सांगते. समजा पाच जागी १८, २२, २५, २० आणि १५ वाहिन्या मिळाल्या. बेरीज १००, सरासरी २०. एका जागेचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मिलिमीटर असेल तर एका चौरस मिलिमीटरला ४० वाहिन्या झाल्या. ही झाली वाहिन्यांची घनता. त्याशिवाय वाहिन्यांनी एकूण किती जागा व्यापली, त्यांचा घेर किती, त्या रुंद झाल्यात का चेपल्यात, हेही कॉम्प्युटर काढून देतो. डोळ्यानं मोजताना हे जमत नाही. चारशे काचा बघून माणूस थकतो, सकाळी एक आकडा सांगतो आणि संध्याकाळी दुसरा.

पण कॉम्प्युटरही चुकतो. आपल्या हिरड्यांवर, गालात काळसर रंग असतो, तो काचेवर तपकिरीच दिसतो. कॉम्प्युटर त्यालाही रक्तवाहिनी समजतो. सूज असेल तर काही दुसऱ्या पेशीही रंग धरतात. म्हणून माणसानं प्रत्येक फोटो बघून चुकीचे ठिपके काढून टाकावे लागतात. शिवाय मोजणाऱ्याला पेशंट कोण, तिचं पुढं काय झालं, हे सांगायचं नसतं. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे जुळवायचे असतात. गटाचं रजिस्टर लिहिणारी एक आणि ऑडिट करणारी दुसरी, हे तुम्हीच पाळता. ज्या कारणासाठी तुम्ही पाळता त्याच कारणासाठी आम्हीही.

या आकड्यातून कळलं काय?

१९९१ साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या तुकड्यांमध्ये असं मोजलं गेलं. ज्यांच्या गाठीत वाहिन्या जास्त, त्यांचा आजार शरीरात पसरलेला असण्याची शक्यता जास्त दिसली. त्यानंतर तोंडाच्या कॅन्सरमध्येही खूप ठिकाणी मोजणी झाली.

आपल्या महाराष्ट्रात हे काम झालेलं आहे. वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथल्या शरद पवार दंत महाविद्यालयातल्या संशोधकांनी तोंड आखडण्याच्या आजाराचे आणि तोंडाच्या कॅन्सरचे तुकडे घेऊन सीडी१०५ नं नव्या वाहिन्या बघितल्या. नुसतं तोंड आखडलंय, मग पेशी बिघडायला लागल्यात, मग कॅन्सर झालाय, अशा पायऱ्या जशा चढत जातात तशा नव्या वाहिन्याही वाढत गेलेल्या दिसल्या. खरगपूरच्या आयआयटीतल्या लोकांनी याच तोंड आखडण्याच्या आजाराचे फोटो कॉम्प्युटरनं तपासायच्या पद्धती तयार केल्या. हा आजार सुपारी, खर्रा, मावा खाणाऱ्यांचा. अमेरिका-युरोपात तो क्वचित दिसतो, त्यामुळं त्याचा अभ्यास आपल्याकडंच व्हायला हवा.

सगळ्या अभ्यासांचं उत्तर एकसारखं आहे असं मात्र नाही. कुणी एक रंग वापरतो, कुणी दुसरा. कुणी दाट जागा बघतो, कुणी कुठलीही. तोंडात किडके दात, सुजलेल्या हिरड्या असतील तर कॅन्सर नसतानाही वाहिन्या वाढतात. म्हणून आज तरी डॉक्टर या आकड्यावरून उपचार ठरवत नाहीत. गाठ केवढी आहे, किती खोल गेली, मानेतल्या गाठींमध्ये पोचली का, यावर उपचार ठरतात.

मग एवढं मोजून उपयोग काय झाला? पहिला उपयोग औषधाचा. गाठीचं पाणी तोडता येईल का, यावर जगभर काम झालं. व्हीईजीएफचा निरोप अडवणारं एक महागडं इंजेक्शन निघालं. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये ते केमोबरोबर देऊन बघितलं, पण आयुष्य खात्रीनं वाढलं असं दिसलं नाही आणि रक्तस्राव जास्त झाला. दुसरीकडं मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी वेगळा रस्ता घेतला. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन जुन्या, स्वस्त गोळ्या थोड्या थोड्या मात्रेत, न थांबवता द्यायच्या. अशा दिल्यावर त्या गाठीच्या नव्या वाहिन्यांनाही दाबतात, असं मानतात. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडं गेला होता अशा ४२२ पेशंटचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना शिरेतून केमो, निम्म्यांना या गोळ्या. गोळ्या घेणारे सरासरी साडेसात महिने जगले, केमोवाले सहा महिन्यांच्या थोडं वर. त्रासही गोळ्यांनी कमी झाला, आणि सलाइन लावायला पुन्हा पुन्हा दवाखाना गाठायचा खर्च वाचला.

आता तुम्ही म्हणाल, दीड महिना जास्त, त्यात एवढं काय? खरं आहे. आणि मला तेच सांगायचं आहे. पाणी भरपूर ओढून बसलेल्या गाठीपुढं एवढ्या मोठ्या हॉस्पिटललाही महिन्यांचाच हिशेब करावा लागतो. मोहरीएवढी, ज्वारीच्या दाण्याएवढी असताना तीच गाठ सापडली तर बहुतेक वेळा एका ऑपरेशनवर भागतं, आणि हिशेब वर्षांचा होतो. (ही औषधं मेडिकलमधून आपल्या मनानं घ्यायची नाहीत. चुकीच्या मात्रेत ती जिवावर बेततात.)

नऊ महिने

एका मावशींचं सांगते, नाव-गाव सांगणार नाही. खालच्या ओठाच्या आत, मिश्री धरायच्या जागी पांढरा चट्टा होता, त्यात लहान जखम. गावातल्या आशाताईनंच ती ओळखून त्यांना पाठवलं. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढू. शेजारणीनं सांगितलं, ‘सुरी लागली की पसरतं. अमकीला असंच झालं.’ मावशी घरी गेल्या. मध, हळद, झाडपाला, सगळं करून बघितलं. नऊ महिन्यांनी परत आल्या तेव्हा जखम जबड्याच्या हाडाला लागली होती आणि मानेत सुपारीएवढी गाठ होती. त्यांचा तुकडा मी बघितला. जिकडं बघावं तिकडं वाहिन्या. मला त्या काचेवर कॅन्सर दिसत होताच, पण ते नऊ महिनेही दिसत होते.

शेजारीण खोटं बोलली नाही. तिनं जे बघितलं ते सांगितलं. आपल्याकडं तुकडा काढला जातो तोच इतक्या उशिरा की पाठोपाठ आजार वाढताना दिसतो, आणि दोष सुरीला जातो. तोंडातला तुकडा नीट काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. थांबल्यानं पसरतो.

बॅटरी आणि तीन बोटं

केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या १३ पंचायतींमध्ये १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं उजेडात तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. तिथं महागडी यंत्रं नव्हती, नुसती नजर आणि उजेड.

आपल्यालाही ते जमतं. महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशी, सकाळी चूळ भरून आरसा घ्या आणि मोबाइलची बॅटरी लावा.

– ओठ उलटून आतली बाजू आणि हिरड्या बघा. मिश्री जिथं लावता ती जागा सगळ्यात आधी.
– दोन्ही गाल आतून बोटानं ताणून, दाढेपर्यंत बघा.
– जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा. मग जीभ टाळूला लावून खालची बाजू बघा.
– मान मागं करून टाळू बघा.
– आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय.
– जबड्याखाली आणि मानेला दोन्ही बाजूंनी चाचपून गाठ आहे का बघा.

पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट अजिबात सहन न होणं, विनाकारण हलणारा दात, आवाजात बदल, मानेत गाठ. यातलं एकही असेल तर दाखवायचं. लाल चट्टा पांढऱ्याहून धोक्याचा. आणि एक नीट ध्यानात ठेवा, सुरुवातीला हे दुखत नाही. ‘दुखत नाही म्हणून गेले नाही’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट होते. आशाताई फॉर्म भरायला आल्या की तंबाखूच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. सासू बसलेली असली तरी द्या.

मैत्रिणींनी विचारलेले प्रश्न

*नुसती सुपारी खाल्ली, तंबाखू नाही, तर चालतं का?*
नाही चालत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं सुपारीलाच कॅन्सर करणाऱ्या पदार्थांमध्ये धरलं आहे. तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनं. लहान पोरांच्या हातात गोड सुपारीच्या पुड्या देऊ नका.

*वीस वर्षं मिश्री लावली. आता सोडून काय उपयोग?*
उपयोग आहे. सोडल्यावर धोका वर्षागणिक कमी होत जातो. काही पांढरे चट्टे तंबाखू थांबवल्यावर कमी होतात किंवा जातात, पण ते डॉक्टरनं बघितले पाहिजेत. पहिले आठ-दहा दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, संडासला त्रास होतो. त्या दिवसांत बडीशेप, लवंग तोंडात ठेवा, पाणी जास्त प्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा फुकट फोन नंबर आहे, १८००-११-२३५६.

*रक्तवाहिन्यांची ही मोजणी आम्ही सांगून करून घ्यावी का?*
नाही. ती संशोधनासाठी आहे. कुणी तिच्यासाठी वेगळे पैसे मागत असेल तर ‘यानं माझा उपचार बदलणार आहे का?’ असं विचारा. साधा तुकड्याचा रिपोर्ट मात्र चुकवू नका.

*आमच्या तुकड्यावर आम्हाला न विचारता संशोधन करतात का?*
चांगला प्रश्न आहे. संशोधनाला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि तुकड्यावर नाव न ठेवता नंबर टाकतात. सही किंवा अंगठा घेताना कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. नाही म्हटलं तरी तुमचा उपचार थांबवता येत नाही.

*कॅन्सर निघाला तर पैसे कुठून आणायचे? वावर विकावं लागेल का?*
सावकाराकडं जायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक हे योजनेत आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे. त्याच बार्शी भागात १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. उपचार योजनेत झाला तरी एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी हा खर्च राहतोच. तिथं गटाचं अंतर्गत कर्ज आणि ग्रामसंघाचा व्हीआरएफ कामाला येतो.

शेवटी गटासाठी एक काम सांगून थांबते. पंचसूत्री झाली की दशसूत्रीतलं पुढचं सूत्र आरोग्याचं आहे. तुमच्या बैठकीच्या रजिस्टरमध्ये आजपासून एक रकाना वाढवा, ‘तोंड बघितलं का?’ बचतीची सही झाली की त्या रकान्यात टिक करायची. कुणाला चट्टा दिसला तर तिचं नाव सगळ्यांपुढं घेऊ नका. पण तिला एकटीला दवाखान्यात पाठवूही नका. गटातली एक जण सोबत जाईल असा ठराव आजच घ्या, आणि तुकडा काढेपर्यंत तिच्याजवळ बसा. बाहेरच्या बाकावर सोबत कुणी असलं तर बाई माघारी फिरत नाही.